आधी पुली, मग बाकीचं

...‘नीट करून द्या’ म्हणे! आता नीट? अहो जावईबापू, नीट करायची वेळ बेल्ट निसटायच्या आधीची असते, नंतरची नाही. आणि त्या खुर्चीवर बसू नका, ती गिऱ्हाइकांची आहे. तुम्ही गिऱ्हाईक नाही, आणि जावई म्हणाल तर आज मी तेही मानत नाही. उभेच राहा. क्रेनवाला दारात टाकून गेला ती गाडी आपण दोघांनी ढकलत आत आणली ना — तेवढंच सासूकडून स्वागत समजा. ढकलणारे तुम्ही, स्टिअरिंगला मी. तुम्हाला ढकलायला लावलं म्हणून राग आला? येऊ दे. सीट बाकी छान आहे हो तुमच्या गाडीची, बसले ती अशी बेतशीर बसले की पुढंमागं काही करावंच लागलं नाही. गाडीची तक्रार नाहीच माझी. गाडी बिचारी लहान जीव. तक्रार आहे ती चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना ‘वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा’ करणाऱ्या माणसाची, ज्याला घरातली बायको दिसली नाही.

काय काय पाहिजे म्हणालात? परत सांगा. नको, राहू द्या, मीच सांगते — मोठा इंटरकूलर, थंड जातीचे प्लग, आखूड बेल्ट, मोकळा फिल्टर आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटरची जुळणी. बरोबर? शाळेतली कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलंत, मध्ये अडखळलात, परत पहिल्यापासून सुरू केलंत. पाठांतर चांगलं आहे. पण या सगळ्याच्या आधी तुम्ही काय केलंत? लहान पुली बसवलीत! नुसती पुली! अहो, त्या गाडीला सुपरचार्जर आहे म्हणजे काय आहे, कळतं का? इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंप आहे तो, इंजिनाच्याच बेल्टवर फिरतो. त्याची पुली लहान केली की तो जास्त फिरतो, जास्त हवा कोंबतो, गाडी अशी उधळते की पाठ सीटला चिकटते — ते मला माहीत आहे, मला नका सांगू, मीही बसलेय असल्या गाड्यांत. पण हवा कोंबली की तापते. तापली की इंजिन आतून ठोकायला लागतं. म्हणून आधी ती हवा थंड करायची सोय, म्हणजे तो इंटरकूलर, बघायचा. आणि पुली लहान झाली की बेल्ट आखूड लागतो, एवढं तर कमरेचा पट्टा बांधणाऱ्यालाही कळेल! पोट कमी झालं तर भोक पुढचं घेतो ना माणूस? तुम्ही जुनाच लांब बेल्ट ठेवलात. मग तो निसटणार नाही तर काय करणार, आरती ओवाळणार तुमची? आणि त्याच बेल्टाच्या जिवावर पाण्याचा पंप. बेल्ट गेला, पाणी थांबलं, तापमानाचा काटा वर, इंजिन बंद — आणि कुठं, तर चढावर! माझी पोरगी आत बसलेली आणि गाडी मागं सरकतेय. मागच्या ट्रकवाल्याचा ब्रेक लागला म्हणून. नसता लागला तर? बोला ना.

बोलू नका. बोललात तर मला जास्त राग येईल.

परवा आली ती. दारात उभी, हातात बॅग, चेहरा पांढराफटक. मी विचारलं, काय झालं? बेल्ट म्हणाली, चढ म्हणाली, ट्रक म्हणाली. मी म्हटलं, पुली बदलली होती का? तर मान हलवली. म्हटलं, यानंच ना? यानंच केलं ना हे, हौशी माणसानं? — तर ढसाढसा रडायला लागली. आता रडणं म्हणजे काय असतं? हो असतं. आई आहे मी. तेव्हाच सांगितलं तिला, आता तू वरच्या खोलीत राहायचं, त्या घरात पाऊल टाकायचं नाही. बॅग उचलून वर गेली. जेवत नाही नीट. खिडकीत उभी राहते आणि रस्त्यावरून कुठली गाडी गेली की — ते जाऊ द्या. ते तुम्हाला सांगायचं कारण नाही. हवेला उभी राहते. उकडतं वर.

तुम्हाला काय वाटतं, मी तुम्हाला मुलगी का दिली? स्थळं काय कमी होती? एक रेसवाला मागं लागला होता, स्वतःचं दुकान, स्वतःच्या गाड्या, आणि पोरगी पण — ते असो. मी म्हटलं नाही. मला नाकासमोर चालणारा माणूस पाहिजे. दुकान उघडतो, दुकान बंद करतो, रस्ता ओलांडताना दोनदा दोन्हीकडे बघतो. तुम्हाला बघायला आले होते ना, तेव्हा समोरून सायकल येत होती तर तुम्ही सायकल जाईपर्यंत फुटपाथवर उभे! घरी येऊन मी तिला सांगितलं, हाच. ती हसली, आई, हा तर ब्रेकच आहे नुसता. म्हटलं, तुला ब्रेकच पाहिजे. तुझ्या बापाला नव्हता.

तिच्या बापाचं एक बोलणं होतं. ‘आधी पुली, मग बाकीचं.’ गिऱ्हाईक यायचं लहान गाडी घेऊन, पहिल्यांदाच काहीतरी करायचं असायचं, घाबरत विचारायचं, कुठून सुरुवात करू? की हा हात चोळत पुढं. आधी पुली! म्हणजे लगेच कळतं, लगेच पळते, गिऱ्हाईक खूश. बाकीचं सामान येईल तेव्हा येईल. मी म्हणायचे, अहो, सामान येऊ द्या, मग सगळं एकदम लावा. तर म्हणायचा, तुला कळत नाही, गाडी थांबू शकते, हात नाही थांबत. असाच एका गाडीला पुली लावली आणि जरा फिरवून आणतो म्हणाला. जिवंत परत आला नाही, टेकडीच्या उताराला लोकांनी बघितलं त्याला. मी नाही बघितलं. मी गेलेच नाही तिकडं. गाडी पण आणू दिली नाही इथं परत.

त्या दिवसापासून गाडी पळवायची कामं बंद. ऑइल बदलू, क्लच घालू, ब्रेक करू. गाडी थांबवायची सगळी कामं करते मी, पळवायचं एक नाही. आणि पोरीला समोर बसवून तिच्याकडून वचन घेतलं, असल्या कामाला हात लावायचा नाही. जन्मात नाही. तिनं दिलं. दिलंच तिनं. हात तिचा बापाचाच हो, काय सांगू तुम्हाला — सहा वर्षांची असताना बोल्टावर खूण करायला शिकली. आमच्याकडे रीत आहे, बोल्ट आवळला की त्याच्यावरून खालच्या लोखंडावर जाईल अशी एक रेष मारायची, नेलपॉलिशची. हसू नका, नेलपॉलिश गरमीत जात नाही. बोल्ट ढिला झाला की रेष तुटलेली दिसते, हात लावायलाही नको. बापानं रेष मारली की ही मागून जायची आणि रेषेच्या टोकाला एक टिंब द्यायची. तो विचारायचा, हे गं काय? तर म्हणायची, तुझी रेष, माझं टिंब, म्हणजे कामाला दोघं होतो हे कळेल. मोठी झाली तरी सोडलं नाही. आता दुसऱ्याच्या घरात भाजीच्या डब्याला टिंब देत असेल.

तर ऐका आता माझं. ही पुली मी काढणार. आत्ता, तुमच्यासमोर. मूळची आणलीय ना? ठेवा त्या बाकावर. मूळची पुली, मूळचा बेल्ट, गाडी जशी कारखान्यातून आली तशी करून देते, घेऊन जा आणि चालवा दुकान ते घर, घर ते दुकान. थंड प्लग नाही, कूलर नाही, काही नाही. पोरगी इथं राहील. मान काय हलवताय? ‘नीट करून द्या, काढू नका’ — परत तेच! तू ऐकतोयस का माझं — तुम्ही ऐकताय का? तुमच्या बायकोचा जीव जात होता आणि तुम्ही अजून पळवायच्या गोष्टी करताय? निर्लज्जपणाला काही — सरका. सरका बाजूला, पुलर काढू दे मला कपाटातून.

आणि एक सांगा, तुम्ही कशानं काढली हो जुनी? ती पुली दाबून बसवलेली असते, हातानं येत नाही. त्याला ओढून काढणारा पुलर लागतो, या भागात असला पुलर एकच आहे, तो तिच्या बापानं स्वतः घडवलेला आणि तो माझ्या कपाटात कुलपात आहे. म्हणजे तुम्ही हातोड्यानं काढली असणार. ठोकून ठोकून. कसायासारखी. आतला दांडा वाकला असेल तर मी तुम्हाला — किल्ली कुठं गेली — ही. त्याच्या शर्टात गुंडाळून ठेवलाय पुलर, कुणाला हात लावू देत नाही. पोरगी मागं एकदा मुक्कामाला आली होती तेव्हा म्हणाली, आई, बाबांचा शर्ट बघू दे जरा. मला भरून आलं. किल्ली दिली. मी बाहेर जाऊन बसले, म्हटलं रडू दे पोरीला मोकळेपणानं. हा बघा शर्ट. हा —

थांबा.

हा हलका आहे.

नाही, काही नाही. घडी घातलीय. मी घडी नव्हती घातली, मी गुंडाळून सुतळीनं — तुम्ही तिथंच उभे राहा. बॉनेट उघडा. उघडा म्हणते ना! तो बल्ब द्या इकडे. धरा. नीट धरा, पुलीवर. बघू दे.

हातोड्याचा घाव नाही कुठं. एक ओरखडा नाही. साफ निघालीय जुनी. साफ बसलीय नवी.

बल्ब खाली घ्या जरा.

पुलीवरून दांड्यावर रेष आहे.

...

जांभळी आहे. माझ्याकडे लाल असते. जांभळी मी तिला दिली होती, लग्नात. आणि टोकाला —

तुम्हाला माहीत होतं. मघापासून उभे आहात, मी कसाई म्हटलं, निर्लज्ज म्हटलं, ढकलायला लावलं, आणि तुम्ही चष्मा पुसताय. तोंड शिवलं होतं? ‘मी नाही केलं’ एवढं म्हणता येत नव्हतं? वरची ओळ वाचा, खालची वाचा, दिवसभर बडबडता ना दुकानात! — आणि तिनंही ‘हो’ म्हटलं नव्हतं. मी विचारलं, ती रडली. ‘हो’ मीच म्हणाले. ती सीट. ती सीट मला बरोबर आली. एवढे उंच तुम्ही, तुमचे गुडघे छातीला लागतील त्या सीटवर. आम्ही दोघी एका मापाच्या. चढावर तीच होती स्टिअरिंगला, आणि तुम्ही बाजूला.

बेल्ट बघा हा. लांबच. सामान यायचं होतं, नाही का? येईल तेव्हा येईल. हात थांबत नाही. बापाची लेक, बापाची लेक, अगदी बापाची —

आणि तुम्ही कविता पाठ करून आलात. कूलर, प्लग, आखूड बेल्ट. तुम्हाला कशाला लागते हो पळणारी गाडी, सायकलला घाबरणारा माणूस तुम्ही. ती थांबणार नाही म्हणून. मी शपथ घातली तरी थांबली नाही, तुम्ही सांगून थांबणार नाही, तर निदान नीट तरी — आणि नीट कुणी करायचं, तर मी.

नको, तोंड उघडू नका. आत्ता एक शब्द बोललात तर हा बल्ब डोक्यात घालीन.

वर जा. दार नुसतं लोटलंय. तिला सांगा, आई खाली बोलावतेय. कामाचे कपडे घालून ये म्हणावं. आणि बापाचा पुलर आण म्हणावं, तुझ्या बॅगेत आहे तो. आणि ती नेलपॉलिश.

बघताय काय माझ्याकडे? जा!