कोमातल्या सासऱ्याने दिलेलं उत्तर

देवाने माणसाला कान दोन दिले, डोळे दोन दिले, तोंड मात्र एकच. आणि त्या एकट्याला कामं किती? खायचं त्यानेच, बोलायचंही त्यानेच! मग मंडळी, मला सांगा — बोललं तर खायला मिळत नाही, अशी वेळ आली तर माणसाने काय करावं? गप्प बसून जेवावं, की बोलून उपाशी राहावं?

मागचे काका म्हणतायत, जेवावं. बरोबर आहे, वास भटारखान्याकडूनच येतोय.

तर ऐका. कुडाळकडचा एक दशावतारी नट होता, दत्ताराम मेस्त्री. सगळे त्याला तातू म्हणायचे. काम कुठलं? राक्षसाचं! तातू मांडावर आला की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची. आता दशावतारात लिहिलेले संवाद नसतात बरं का. समोरचा बोलला की आपण तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. गप्प राहिलात तर तुम्ही हरलात, लोक शिट्ट्या मारतात. तीस वर्षांत तातूने कुणाचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

असा माणूस पोटासाठी मुंबईला आला, बायको शेवंतीला घेऊन. खूप दारं झिजवली, तेव्हा एका सिरियलीत काम मिळालं. कसलं? कोमातल्या सासऱ्याचं! नाकात नळी, हाताला सलाईन, डोळे मिटून खाटेवर पडायचं. हसू नका, काम रोजचं होतं. सगळी इस्टेट सासऱ्याच्या नावावर, म्हणजे तो मरायचाही नाही आणि उठायचाही नाही!

शेवंतीने बजावलं, "तुमी थंय तोंड उघडू नकात हां. गपचूप पडान रवा. पडान रवल्याचे पैशे गावतत, असा काम देवान आणि कोणाक दिल्यान?"

तातू पडून राहिला. पण ती सिरियलीतली सून! रोज उशाशी बसून रडायची, "अण्णा, सांगा ना, मी काय करू?" इकडे तातूचे ओठ वळवळायला लागायचे.

दिग्दर्शक ओरडायचा, "तातू, ओठ हलतायत."

"साहेब, ती विचारतेय हो."

"ती तुम्हाला विचारत नाहीये. ती प्रेक्षकांना रडवतेय."

तातूला हे काही पटेना. घरी येऊन भिंतीला उत्तरं द्यायचा — "मुली, त्या कागदावर सही करू नकोस." शेजाऱ्यांनी शेवंतीला विचारलं, मुलगी कोणती आणि सही कसली?

असे कित्येक महिने गेले. आणि एक दिवस आला खलनायक. दंड हे एवढे, मिशी चिकटवलेली. खाटेशी उभा राहून गडगडाटी हसला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, हिंमत असेल तर ऊठ आणि अडव मला."

मंडळी, राक्षसाला आव्हान! तातूने जीभ दातांखाली दाबून धरली. शेवंती आठवली, खोलीचं भाडं आठवलं. पण तीस वर्षांची सवय हो, ती काय भाडं बघते? तातू ताडकन खाटेवर उभा! नळी लोंबतेय, सलाईनचा दांडा गदेसारखा खांद्यावर — "अरे अधमा! कुणापुढे उभा आहेस याचं भान आहे का तुला? तुझ्यासारखे छप्पन्न लोळवले आणि मग सकाळची पेज प्यायलो!"

खलनायक जो पळाला तो थेट रिक्षा स्टँडवर. मिशी सेटवरच राहिली! दिवे धरणारी माणसं टाळ्या वाजवतायत, सून खरंखुरं रडतेय, आणि दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसलाय. तातूला त्याच दिवशी नारळ मिळाला.

तातू मान खाली घालून घरी आला. शेवंतीने विचारलं, "काय झाला?"

"बोललंय."

ती मटकन खाली बसली. मग म्हणाली, "काय बोललात?"

त्याने सगळं म्हणून दाखवलं, चमचा खांद्यावर घेऊन.

"मगे तो काय बोललो?"

"तो पळालो."

"बरा झाला," ती डोळे पुसत म्हणाली. "जेवक बसा."

दिवे धरणाऱ्यांत एक कणकवलीचा होता. त्याने तातूला मुंबईतल्या दशावतारी मंडळात नेलं. तिथे कधी काम असतं, कधी नुसता चहा. भाडं आता शेवंती खानावळीत पोळ्या लाटून भरते. चार घास कमीच मिळतात, पण गोड लागतात.

आणि सिरियल? अहो, ती चालूच आहे! खाटेवर त्यांनी कापसाचा बाहुला निजवला. नळी तीच, चादर तीच. लाखो लोक रोज बघतात. एकालाही कळलेलं नाही!

हसताय? हसा. पण घरी गेल्यावर आठवा. सूनबाई विचारते, "बाबा, आमटी कशी झालीय?" आणि आपण मोबाईलमध्ये मुंडी घालून गप्प. बायको विचारते, "अहो, ऐकताय ना?" — तरी गप्प. मालक, उद्या तुमच्या खुर्चीत घरच्यांनी बाहुला ठेवला, तर किती दिवसांनी कुणाच्या लक्षात येईल?

समजलं का, मंडळी?

... काय हो, मी विचारतोय!