वासराचं वजन

सोलापूरच्या स्टँडवर बार्शीच्या गाडीच्या रांगेत हेमावती उभी होती. तिच्या पुढे दीर-भावजय गायीवरून भांडत होते.

"वहिनी, घरची खिलार विकून संकरित गाय घेऊ. वासरू पाजायच्या आदी तोललं, पाजून परत तोललं. वजन उलट घटलं."

"म्हंजी गाईला दूधच न्हाय?"

"काटा खोटं बोलतोय व्हय?"

"तिच्याच खोंडांवर तुमचं औत चालतंय. वासरू मधीच मुतलं, ते दिसलं न्हाय?"

"कुटं मुतलं?"

"तुमच्या धोतरावर, भावजी. तेच नेसून आलाय की."

मघापासून नाकाला लावलेला पदर हेमावतीने आता तोंडावर ओढला.

"बार्शीत गिऱ्हाईक थांबलंय, वहिनी."

"थांबू द्या. घरी चला, वासरू परत तोला. या खेपेला धोतरासकट."

दीर रांगेतून बाहेर पडला. हेमावती पुढे सरकली.