सायप्रसच्या गल्लीत सावंतचं काय हरवलं

चहा थंड करू नका, पण हे ऐका. नव्वदीतली गोष्ट. दुबईतला टॉवर वेळेआधी उभा केला म्हणून कंपनीने आम्हा दहा जणांना सायप्रसला फिरायला पाठवलं. सोबत आमचा फोरमन सावंत, गुहागरचा. दोन महिन्यांपूर्वी आई सीरियस आहे म्हणून त्याने रजा मागितली होती. स्लॅबचं काम अडकेल म्हणून मिळाली नाही. आई गेली.

तर गाईड बाई आम्हाला एका गावात घेऊन गेल्या. दारात एक आजी लेस विणत बसलेली. सावंत थबकला आणि सरळ वाकून तिच्या पाया पडला. आजीला वाटलं, ह्याचं काहीतरी पडलं! तीपण खाली बसून शोधायला लागली. मग गाईड, मग आम्ही सगळेच फरशीवर वाकलेलो.

गाईडने विचारलं, "मिस्टर, काय हरवलं?"

सावंत माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, आजीला उठवा हो. गुडघे दुखतील तिचे. माझं आता काही सापडायचं नाही."

मी मान वर केलीच नाही, शोधतच राहिलो. त्याच्या रजेच्या अर्जावर 'नंतर जा' असं मीच लिहिलं होतं.