आबा आले की पसरायचा भुसा

ठकी : आबा, तुम्हाला उशीर नाही ना होत?

आबा : कसला उशीर? रविवार आहे. आज जेवूनच जाणार. का गं, आजोबाला घालवायची एवढी घाई?

ठकी : छे छे! बसा ना. आरामात बसा. म्हणजे... फार आरामात नको.

आबा : बरं, मी आणलेला भुसा आवडला का आमच्या ढब्बूशेटना?

ठकी : खूप! त्यात नुसता लोळत असतो.

आबा : बेडूक लोळतो?

ठकी : मनातल्या मनात.

आबा : अस्सं. बघू तरी त्याची गादी. वा! देवदाराचा भुसा आहे हा, ठके. कपाटाच्या फळ्यांना रंधा मारताना मुद्दाम बाजूला काढून ठेवला तुझ्यासाठी. वास बघ कसा खोलीभर सुटलाय!

ठकी : हो. फारच सुटलाय.

आबा : पण एक कोडं पडलंय. बेडूक म्हटला की पाणी सांडणार, घाण करणार. आणि हा भुसा बघावा, तर आत्ता रंध्यातून पडल्यासारखा कोरा!

ठकी : मी रोज बदलते.

आबा : पिशवी तर मी आणली तशीच भरलेली आहे.

ठकी : बदलते म्हणजे... धुऊन वाळवते.

आबा : भुसा धुतेस? मग इस्त्री कोण करतं, आई?

आई : (स्वयंपाकघरातून) माझं नाव घेऊ नका. मी कशातच नाही.

आबा : आणि हा असा पेटीच्या काचेला का चिकटलाय? पाय उचलून उभा आहे बिचारा. उन्हात चप्पल विसरलेल्या माणसासारखा.

ठकी : आबा, नका ना... त्याचं पोट पुन्हा लाल होईल!

आबा : पुन्हा?

ठकी : (डोळे पुसत) काही नाही.

आबा : ठके, इकडे ये. रडायचं नाही. सांगायचं.

ठकी : तुम्ही भुसा आणलात ना, त्याच आठवड्यात त्याने खाणं सोडलं. गांडुळाकडे बघेसुद्धा ना. पोट लालभडक. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा वासाचा भुसा आधी काढ. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. खाली जे असेल ते सगळं आत जातं. पुन्हा असं झालं तर त्याला त्या स्वतःकडेच ठेवून घेणार आहेत.

आबा : मग काढला नाहीस?

ठकी : काढला की! पण तुम्ही येणार म्हटलं की वरून थोडा पसरते. तुम्ही गेलात की लगेच उचलते. एरवी तुम्ही चहा पिऊन जाता. आज तुम्ही जेवायचं म्हणताय!

आबा : अरेच्चा! म्हणजे मी इथे गप्पा हाणतोय आणि तो तिकडे माझी वाट बघतोय. मी जायची!

ठकी : तुम्हाला वाईट वाटलं असतं. पिशवी देताना तुम्ही तीनदा वास घेतला होतात.

आबा : हे बघ, मला वाईट वाटलं तर मी तास दीड तास फुगून बसेन, मग तुझी आई चहा देईल आणि मी विसरेन. त्याचं पोट पोळलं तर तो कुणाला सांगणार? चल, उचल त्याला. भुसा मी काढतो. आणि अक्कल बघ माझी! गिऱ्हाइकांना मीच सांगत असतो, देवदाराचं कपाट घ्या, वासाने किडा फिरकत नाही. ज्या वासाने किडे पळतात, तो या ओल्या, नाजूक जिवाला कसा मानवेल?

आई : आबा, आज खरं बोलायचा दिवसच असेल, तर मीही एक सांगून टाकते.

आबा : सांग बाई.

आई : तुम्ही बसलायत ते स्टूल. तुम्ही केलेलं. एरवी ते माळ्यावर असतं. एक पाय डुगडुगतो.

आबा : तरीच! मघापासून मी एकाच अंगावर तोलून बसलोय. मला वाटलं, कंबर गेली. या घरात सगळीच सोंगं की काय? बरं ठके, आता याला खाली घालायचं काय?

ठकी : कोकोपीट. नारळाच्या सालीचा चुरा. विटेसारखा मिळतो, पाण्यात टाकला की फुगतो. पाणी त्या बादलीत रात्रभर भरून ठेवलेलं घ्यायचं, नळाचं ताजं नाही, त्यात औषध असतं. आणि ओल अशी बघायची. मूठ आवळली की एखाददुसरा थेंब पडावा. धार नको आणि कोरडं पण नको.

आबा : (भिजवलेला चुरा मुठीत आवळून) अशी?

ठकी : आबा! किती जोरात! धार लागली.

आबा : रंधा धरणारी मूठ आहे ही. माप तुझ्याच मुठीचं धरू. थर किती द्यायचा?

ठकी : तो बुडेल एवढा. त्याला खड्ड्यात बसायला आवडतं. मग रोज घाण वेचायची, आणि वास यायला लागला की सगळंच बदलायचं. (ढब्बूला आत सोडते.)

आबा : माझ्या भुशाला तर पहिल्या दिवसापासूनच वास होता म्हणायचा. हसू नकोस! बघ, बघ, मागच्या मागे कसा सरकतोय. मागच्या पायांनी खणतो की काय हा?

ठकी : हो! आता नुसते डोळे वर ठेवेल.

आबा : अरे वा, शेटजी बसले गादीवर. गांडूळ देऊन बघ.

ठकी : थांबा, घाई नाही करायची. आधी त्याला घर पटू दे.

आबा : बरं बाई. बसतो गप्प. याच स्टुलावर, आणि त्याचा पाय दुरुस्त केल्याशिवाय आज जात नाही. पण पुढच्या रविवारी काय आणू गं? मला रिकाम्या हातांनी यायची सवय नाही.

ठकी : रिकाम्या हातांनीच या, आबा. आल्यावर त्या बादलीत बुडवा, साबण न लावता, आणि ओलेच ठेवा. मग देईन त्याला तुमच्या हातात.