आर्गॉनला वास नसतो

नाव पौर्णिमा अंकुर काळबांडे, वय ३४, धंदा शिवणकाम, राहणार राजापेठ, अमरावती. मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून, माझ्या मनाने सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती अंकुर व सासरे भगवंतराव असे राहत होतो. पती बियाण्यांच्या दुकानात कामाला होते. वेल्डिंग हा त्यांचा घरचा नाद, मोबाईलवर बघून शिकलेला. हौसेला मोल नाही म्हणतात. आमच्या घरात तर जागाही उरली नव्हती.

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना आधार म्हणून पती जिन्याला स्टीलचा कठडा करत होते. वेल्डिंग करताना तापलेल्या जोडाला हवा लागू नये म्हणून त्यावर गॅस सोडतात. लोखंडाला चालतो तो कार्बन डायऑक्साइड त्यांच्याकडे होता, पण त्याने स्टीलचा जोड काळा पडला व पाणी लागताच गंजला. म्हणून त्यांचा मित्र नितेश याच्या गॅसच्या दुकानातून आम्ही दोघांनी आर्गॉनचा सिलिंडर आणला. नितेश म्हणाला, "स्टीलले हाच गॅस पाह्यजे. पण दार उघडं ठेवजो, अन् नळीच्या जोडाले साबणाचा फेस लावून पाह्यजो."

घरी मी फेसाची आठवण करून दिली. पती म्हणाले, "गळत असता तं वास नसता आला? सयपाकाच्या सिलिंडरचा येते का नाही?" मलाही ते पटलं. आमच्याकडे गॅस गळला की आधी नाकालाच कळतं.

काम जिन्याखालच्या खोलीत चालायचं. तिला खिडकी नाही. मंगळवारी दुपारी पतींनी आतून ओरडून सांगितलं की कूलरच्या हवेने गॅस उडतो, जोड पुन्हा काळा पडतो, कूलर बंद कर. मी बाहेरच्या खोलीत कूलरच्या बटणाला हात लावला तर सासरे तिथल्या खाटेवरून म्हणाले, "एवढ्या उन्हात कूलर काहून बंद करून राहिली? मारतं काय मले?"

दोघांचंही मन राखायचं म्हणून मी कूलर चालू ठेवला, खोलीचं दार ओढून घेतलं व खालच्या फटीत गोधडी सारली. "आता जमलं," असं पती आतून म्हणाले. त्यानंतर त्यांचा आवाज मी ऐकला नाही.

चहाला हाक मारली, उत्तर आलं नाही. दार उघडलं तर ते नेहमीसारखे जमिनीवर, भिंतीला टेकून बसलेले. डोळा लागला समजून मी रागावलेसुद्धा. वाकले तशी मलाही भोवळ आली. शेजारी शालिकराम यांनी आम्हा दोघांना बाहेर ओढलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पती मृत झाल्याचं सांगितलं. सिलिंडर रिकामा निघाला, नळी जोडाजवळ सैल होती. हा गॅस विषारी नाही, त्याला वासही नसतो. पण हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो व श्वासाला हवा उरू देत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

नितेशने विषारी गॅस दिला, असा अर्ज सासऱ्यांनी केला आहे. तो खरा नाही. नितेशने सांगायचं ते सगळं सांगितलं होतं. नळी पतींनी जोडली, दार मी लावलं. मला माझा फार राग येतो. दार का लावलं हे मी सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. तोंडावर बोलायची हिंमत होत नाही.

ते बाहेर बाकावर आहेत. म्हणून जबाब मोठ्याने वाचावा अशी मी विनंती केली. त्याप्रमाणे वाचला, मी बोलले तसाच लिहिला आहे. वाचन चालू असताना सासरे काठी टेकत आत आले व माझ्या बाजूला उभे राहिले. ते म्हणाले, "साहेब, माह्या अर्जातून नितेशचं नाव काढा. कूलरचं मी बोललो होतो, हे बरोबर हाय. तिच्या सहीखाली माही सही घ्या."

म्हणून खाली दोघांच्या सह्या आहेत.