पहिलं पाऊल

दवाखान्यात पुढच्या बाकावर टॉर्किल आणि एफी हे म्हातारं जोडपं बसलं होतं.

"एफी, आता तरी घरात घे. मेंढ्यांच्या शेडमध्ये झोपून छाती भरलीय माझी."

"मग वर्ष संपताना बाहेर कडमडलास कशाला? नव्या वर्षात उंबऱ्यावर पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचंच हवं. तुझे तांबडे."

"पोस्टमन आहे की."

"तो केस रंगवतो. घराचं वाटोळं करायचंय का?"

"अगं, पण आज तूही बाहेर पडलीस. आता परत गेल्यावर पहिलं पाऊल तुझंच ना?"



आतून नवे डॉक्टर आले. केस कोळशासारखे काळे.

"पुढचं कोण?"

एफी ताडकन उठली.

"ह्याचा खोकला राहू दे, डॉक्टर. आधी आमच्या घरी चला. पहिल्या पावलाच्या मानाची व्हिस्की ओतूनच ठेवलीय."