शून्य म्हटलं की फोन बंद

…आणि वर ती दवाखान्यातली पोरगी फोनवर मलाच विचारते, ‘गेल्या सात दिवसांत पैसे लावावेसे किती वाटले? शून्य ते दहा सांगा काका, शून्य म्हणजे अजिबात नाही.’ आता तुम्हीच सांगा, बासष्ट वर्षांच्या माणसाची हाव अशी मोजून मिळते का? आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या मी आणि पगार घातला शर्यतीच्या घोड्यांवर. इतका, की एखादा घोडा आज माझं आडनाव लावत असेल. बायको कंटाळून मुलीकडे गेली ती गेलीच. मग मुकाट्याने जुगार सोडवणाऱ्या दवाखान्यात नाव घातलं. तिथे म्हणे संशोधन चाललंय. दर गुरुवारी अकराला फोन, अठरा प्रश्न, कागदावर असतील तेवढेच.

तुम्हाला सांगतो, गुरुवारी मी दाढी करतो. फोनसाठी! दुसरं बोलतंय कोण माझ्याशी? दूधवाला पिशवी अडकवून पळतो. आणि ही पोरगी विचारते, झोप लागते का, जेवता का… बायकोने तीस वर्षांत कधी… नाही, विचारायची ती. मीच घरी नसायचो.

तर चार महिन्यांत घोडे डोक्यातून गेले. साफ. पण नियम असा, की सलग बारा आठवडे शून्य आलं की माणूस बरा, फोन बंद. अकरा शून्यं झाली. आणखी एक, की हा फोनही गेला. शून्य ते दहा सांगा काका… मी म्हटलं, ‘सात.’

‘अगंबाई, काका, काय झालं हो?’ अर्धा तास बोलली! मग पुढच्या गुरुवारीही सात. रस्त्यात घोडा दिसला नि पाय लटपटले, म्हणालो. आमच्या गल्लीत गाढवसुद्धा नाही. असे सहा आठवडे काढले.

परवा तिचा आवाज उतरलेला. ‘काका, कागदाबाहेरचं सांगते. बरे होत आलेले तीन जण घसरले. दोन जणांपर्यंत चाललं असतं. आता वरचे म्हणतायत, ही फोनची सोयच बंद करा, सगळ्यांची.’

‘तिसरा कोण?’

‘तुम्हीच की.’

चाळीस माणसं आहेत हो त्या यादीत. म्हणजे आणखी एकोणचाळीस जण कुठे कुठे दाढी करून बसलेले… मी म्हटलं, ‘लिहा बाई. शून्य. सहाही आठवडे शून्य, मी थापा मारल्या.’

‘पण का, काका?’

‘हा प्रश्न कागदावर नाही,’ म्हटलं.

पलीकडे कागदांची सळसळ झाली. मग म्हणाली, ‘म्हणजे घसरले दोनच. आणि बारा कधीच झाले तुमचे. अभिनंदन. शेवटचा प्रश्न. ही सोय ओळखीच्या माणसांना सुचवाल का? शून्य ते दहा सांगा काका.’

‘दहा,’ म्हटलं. तिने लिहून घेतलं, फोन ठेवला.

सुचवायचंय हो मनापासून. पण माझ्या ओळखीचे जेवढे आहेत, ते सगळे त्या पैजांच्या दुकानात बसलेले, आणि तिथे मला आत घेऊ नका असा अर्ज मीच सही करून दिलाय.